सीमाभागातून परदेशी नोकरीला निघताना: आधी कागद, मग एजंट

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये आठ-दहा वर्षं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) चालवलेला माणूस परदेशातल्या कारखान्यात हाताच्या कामात क्वचितच कमी पडतो. तो अडतो कागदावर. जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळा मराठी माध्यमाची पण मार्क्स कार्ड कर्नाटक बोर्डाचं, पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची, आधारवर गावाचं स्पेलिंग एक आणि पासपोर्टवर दुसरं. पुण्या-मुंबईच्या पोराचे बहुतेक कागद एकाच राज्यातले असतात. आपले दोन राज्यांत विखुरलेले. म्हणून परदेशाचं मनात घेतलेल्या कुणालाही माझं पहिलं सांगणं हेच असतं की एजंटाकडं नंतर जा, आधी घरातली ट्रंक उघडा.

खाली सगळं त्याच क्रमानं लिहिलंय. काही पायऱ्या चार ओळींत उरकल्यात, काही ठिकाणी रेंगाळलोय. जिथं रेंगाळलोय तिथंच लोकांचे पैसे बुडतात.

पहिली पायरी: सगळीकडं एकच नाव

दहावीचं मार्क्स कार्ड, टीसी, जन्मदाखला, आधार, पॅन आणि पदवी किंवा आयटीआयचं सर्टिफिकेट एका टेबलावर मांडा. प्रत्येकावरचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर एका वहीत उतरवा. बहुतेकांच्या घरी असं काहीतरी सापडतं: मार्क्स कार्डवर ‘पाटील सुरेश मारुती’, आधारवर ‘सुरेश मारुती पाटील’, पॅनवर ‘सुरेश एम पाटील’, आणि जन्मदाखल्यावर आडनावच नाही. गावात याला कुणी विचारत नाही. परदेशी कंपनीचा पडताळणी करणारा माणूस मात्र यात तीन वेगळी माणसं बघतो.

जन्मतारीखही ताडून बघा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली माणसं आपल्याकडं कमी नाहीत.

दुरुस्ती कुठल्या कागदापासून करायची? शिक्षण झालेल्यांनी दहावीचं मार्क्स कार्ड पाया धरावं, कारण ते बदलणं सगळ्यात जिकिरीचं. त्यात खरोखर चूक असेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत बोर्डाकडं अर्ज करावा लागतो आणि महिने जातात. चूक नसेल तर बाकीचं सगळं त्याच्याशी जुळवून घ्या: आधी आधार, मग पॅन, मग बँक, आणि पासपोर्ट सगळ्यात शेवटी. क्रमाचा फरक आणि इनिशियल एवढ्यावर ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरीचं प्रतिज्ञापत्र बऱ्याचदा चालतं. आडनावच वेगळं असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेतलेला बरा.

पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी ठेवू नका. एकच शब्द नाव असलेल्या पासपोर्टवर यूएईनं नोव्हेंबर २०२२ पासून व्हिजिट व्हिसाच्या प्रवाशांना अडवायला सुरुवात केली, आणि इतर देशांच्या फॉर्मांतही अशा पासपोर्टामुळं घोळ होतो.

लग्न होऊन आलेल्या मुलींचा पेच जास्त. माहेर चंदगड तालुक्यात, सासर खानापुरात, म्हणजे शाळेचे कागद महाराष्ट्राचे आणि लग्नाचा दाखला कर्नाटकाचा. नोकरीसाठी जायचं असेल आणि पदवी माहेरच्या नावानं असेल, तर पासपोर्टवर माहेरचं नाव ठेवायला कायद्याची काही आडकाठी नाही. मला विचाराल तर तेच सोपं. सासरी थोडी कुरकुर होईल, ती सोसावी.

गावाच्या नावाचीही एक गंमत आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगाव शहराचं नाव सरकारी दप्तरी बदललं. त्याआधीच्या सर्टिफिकेटांवर जुनं इंग्रजी स्पेलिंग, नंतरच्यांवर नवं. ही तुमची चूक नाही आणि त्यासाठी कागद बदलायची गरज नाही; अर्जासोबत दोन ओळींचा खुलासा जोडला की भागतं. जन्मस्थळ मात्र पासपोर्ट आणि व्हिसा अर्जावर हुबेहूब एकच लिहा.

फक्त कन्नडमध्ये असलेला जुना ग्रामपंचायतीचा दाखला परदेशात उपयोगाचा नाही. कन्नड-इंग्रजी असा दुभाषी डिजिटल दाखला कर्नाटकाच्या ई-जन्म व्यवस्थेतून मिळतो, तो काढून घ्या.

पासपोर्ट आणि तो ईसीआरचा शिक्का

बेळगावात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, मोठं केंद्र हुबळीला. २०१८ पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो, त्यामुळं निपाणीकराला कोल्हापूर जवळ पडत असेल तर तिथली तारीख घ्यायला हरकत नाही. पोलीस पडताळणी पत्त्यावरच होते. ३६ पानी साध्या पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळला वर आणखी २,००० रुपये.

खरा मुद्दा पुढचा. दहावी पास असाल तर अर्जात तसं नमूद करून मार्क्स कार्ड जोडा. नाही जोडलंत तर पासपोर्टवर ‘ईसीआर’ म्हणजे परदेशगमनासाठी परवानगी आवश्यक असा शिक्का पडतो. हा शिक्का असेल तर १८ देशांत नोकरीला जाताना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून मंजुरी घ्यावी लागते. सौदी अरेबिया, यूएई, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया हे सगळे त्या यादीत आहेत.

दहावी होऊनही चुकून शिक्का पडला असेल तर पासपोर्ट पुन्हा काढून तो घालवता येतो. नववीतून शाळा सुटलेल्यांनी मात्र या मंजुरीला कटकट समजू नये. तिच्यामुळं तुमचा करार सरकारच्या नोंदीत जातो आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा मिळतो, तोही २ वर्षांना २७५ किंवा ३ वर्षांना ३७५ रुपयांत. जो एजंट म्हणतो, ‘मंजुरीची भानगड नको, व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिथं बदलून घेऊ’, त्याचा चहासुद्धा पिऊ नका.

कुणी कुठं बघावं

हुन्नर आणि देश यांची जोडी जमली पाहिजे. ‘कुठंही चालेल’ म्हणणाऱ्याला कुठलंच काम धड मिळत नाही.

आखाती देशांत वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, एसी मेकॅनिक, ड्रायव्हर यांना कायम मागणी. भाषेची परीक्षा नाही, हिंदी चालते, दोन-तीन महिन्यांत काम होतं. सौदीनं अनेक हुन्नरांसाठी भारतातच कौशल्य चाचणी सक्तीची केली आहे. ती पास झाल्याशिवाय व्हिसा नाही, म्हणजे हात खरोखर चालला पाहिजे. पैसा बरा, पण कुटुंब नेणं कमी पगारात जमत नाही आणि नागरिकत्वाचा प्रश्नच नाही.

जर्मनी हा वेगळा खेळ. तिथं मनुष्यबळ कमी पडतंय, आणि भारतीयांसाठीचा कुशल कामगारांचा वार्षिक व्हिसा कोटा २०,००० वरून ९०,००० करायचं त्यांनी २०२४ मध्ये जाहीर केलं. इंजिनियरांसाठी ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना आहे. २०२५ मध्ये त्यासाठी वर्षाला ४८,३०० युरोंचा पगार लागायचा, टंचाईच्या क्षेत्रांत त्याहून कमी, आणि हा आकडा दर जानेवारीत बदलतो. नोकरी हातात नसताना तिथं जाऊन शोधायची असेल तर जून २०२४ पासून ‘चान्सेनकार्टे’ नावाचं कार्ड निघालंय: किमान दोन वर्षांचं मान्य व्यवसाय शिक्षण किंवा पदवी, थोडी जर्मन किंवा बरी इंग्रजी, गुणांकनात ६ गुण, आणि वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच बंद खात्यात. महिन्याला हजारावर युरो धरले तर ती रक्कम बारा लाख रुपयांच्या पलीकडं जाते. तेवढे पैसे असलेल्या माणसानं ते जर्मन शिकण्यात आणि इथूनच मुलाखती देण्यात घालावेत असं माझं मत. भाषा बी-१ पातळीपर्यंत, म्हणजे रोजच्या बोलण्यापुरती, आली की मशीनशॉपचे मालक स्वतः बोलतात.

तुमची पदवी आणि विद्यापीठ तिथं मान्य आहे का हे ‘अनाबिन’ या जर्मन सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतं. जर्मनीच्या व्हिसासाठी कर्नाटकातल्या रहिवाशांना बेंगळुरूच्या वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत अर्ज करावा लागतो, मुंबईच्या नाही. निपाणीतून मुंबई जवळ वाटते, पण तारीख तिथली घेऊन बसाल तर ती वाया जाईल. नोकरीमुळं पुण्यात राहत असाल आणि तसा पुरावा असेल तर गोष्ट वेगळी.

नर्सिंगवाल्यांना सगळीकडं दार उघडं आहे, फक्त प्रत्येक दाराला वेगळं कुलूप. जर्मनीला मान्यता आणि बी-२ च्या आसपास जर्मन. आखातात डेटाफ्लो नावाच्या कंपनीकडून कागदांची पडताळणी आणि त्या-त्या देशाची परवाना परीक्षा. इंग्लंडला नर्सिंग कौन्सिलच्या दोन टप्प्यांच्या परीक्षा. राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाची पदवी असेल तर ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या विषय-गुणांचा अधिकृत उतारा) बेंगळुरूहून आणावी लागते, सोबत कर्नाटक नर्सिंग कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट. दोन्हींना वेळ लागतो, परीक्षेच्या अभ्यासाबरोबरच अर्ज टाकून ठेवा. ईसीआरच्या यादीतल्या १८ देशांत नर्सभरती सरकारनं ठरवून दिलेल्या संस्थांमार्फतच होते, हेही ध्यानात असू द्या.

इंग्लंडच्या केअर वर्करच्या नावानं अजूनही कुणी पैसे मागत असेल तर तो सरळ फसवतोय. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअर वर्कर घेणं त्यांनी बंद केलंय.

जपानला ‘तोकुतेई गिनो’ हा कुशल कामगारांचा व्हिसा आहे. जपानीची एन-४ पातळी आणि कामाची परीक्षा दोन्ही पास व्हाव्या लागतात. वय विशी-पंचविशीचं आणि वर्षभर भाषेला द्यायची तयारी असेल तर हा रस्ता चांगला आहे, कारण एजंटापेक्षा परीक्षेवर जास्त अवलंबून आहे.

खानापूर, चंदगडकडची बरीच पोरं गोव्याच्या हॉटेलांतून क्रूझ जहाजांवर जातात. तिथं बघायचं एकच: भरती करणाऱ्या कंपनीकडं जहाजवाहतूक महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना आहे का.

अनुभव सिद्ध कसा करायचा

उद्यमबागेतल्या छोट्या युनिटांत पगार रोख, पीएफ नाही, अनुभवाचं पत्र मागितलं की मालक म्हणतो ‘बघू की’. आठ वर्षांचं काम केलेल्या माणसाकडं आठ वर्षांचा पुरावा नसतो. यावर उपाय एकच आणि तो आजपासून करायचा: पगार बँकेत घ्या आणि पीएफ चालू करून घ्या. हातात पैसे कमी येतात म्हणून पोरं नको म्हणतात, पण यूएएनच्या, म्हणजे पीएफ खाते क्रमांकाच्या, पासबुकात महिन्यागणिक कंपनीचं नाव असतं. त्याच्याइतका ठोस पुरावा कुठल्या लेटरहेडवर मिळत नाही. परदेशाचा विचार असेल तर हजार रुपये कमी मिळाले तरी पीएफवाल्या, ऑडिट होणाऱ्या कारखान्यात दोन वर्षं काढा. बेळगावजवळच्या हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमधला (विशेष आर्थिक क्षेत्रातला) अनुभव बायोडाटावर वेगळा उठून दिसतो तो याचमुळं.

आता बायोडाटा. आपल्याकडं लिहितात: ‘व्हीएमसी ऑपरेटर, ५ वर्षं, मेहनती आणि प्रामाणिक.’ यातून समोरच्याला काही कळत नाही. हेच असं लिहा: ‘फानूक कंट्रोलच्या तीन-अक्षीय व्हीएमसीवर ५ वर्षं. कास्ट आयर्न आणि अल्युमिनियमच्या पंप बॉडी. टॉलरन्स २० मायक्रॉन. सेटिंग, टूल ऑफसेट आणि प्रोग्रॅममधले किरकोळ बदल स्वतः करतो. मायक्रोमीटर, बोअर गेज, हाइट गेज वापरतो.’ यात मेहनतीचा शब्द नाही, पण वाचणाऱ्या फोरमनला माणूस दिसतो. मोल्डर असाल तर वाळूचा प्रकार, कास्टिंगचं वजन, भट्टी कुठली. वेल्डर असाल तर पद्धत, पोझिशन, पाइपचा व्यास. फॅमिली डिटेल्स, वडिलांचा व्यवसाय, धर्म, ‘वरील माहिती खरी आहे’ हे सगळं काढून टाका.

मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा: तुम्ही सेटिंग करताय आणि काय करताय ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगताय. कंपनीच्या ड्रॉइंगचा कागद त्यात दिसू देऊ नका. ते ग्राहकाचं गुपित असतं. मालकाची परवानगी न घेता शूट केलं तर असलेली नोकरीही जायची.

एजंट

‘आमचा पोरगा दुबईला जायलाय, एजंटानं सव्वा लाख घेतलंय’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं, आणि सांगणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. वावगं आहे. १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटालाच परदेशी भरती करता येते, आणि तो तुमच्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेऊ शकतो. १८ टक्के धरले तर ३५,४०० रुपये. पावतीसह. यूएईच्या कायद्यात तर भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकानं करायचा असतो.

तपासायचं असं. ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. एजंटाचा आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) नंबर मागा, तो यादीत टाका, परवाना चालू आहे की निलंबित ते बघा, आणि पोर्टलवरचा पत्ता आणि फोन हाच समोरच्याचा आहे का तेही ताडा. दुसऱ्याच्या खऱ्या नंबरवर धंदा करणारे असतात. मग त्या यादीतल्या फोनवर स्वतः फोन करून विचारा की बेळगावात तुमचा अमुक माणूस आहे का. कायद्यात ‘सब-एजंट’ असा प्रकारच नाही. तालुक्याच्या गावी झेरॉक्स दुकानाच्या मागं बसून पासपोर्ट गोळा करणारा माणूस उद्या गायब झाला तर मुंबईचा खरा एजंट म्हणणार, आम्ही त्याला ओळखत नाही.

मूळ पासपोर्ट ‘ठेवून’ देऊ नका. व्हिसा स्टॅम्पिंगला द्यावाच लागला तर सही-शिक्क्याची पोच घ्या. पैसे बँकेतून, कंपनीच्या खात्यावर. एजंटाच्या बायकोच्या फोन-पेवर नाही.

ऑफर लेटर आलं की त्यातली कंपनी खरी आहे का ते बघा: स्वतःचं संकेतस्थळ आहे का, मेल त्याच नावाच्या पत्त्यावरून आलाय की फुकटच्या जीमेलवरून. मुलाखत न घेता निवड, व्हॉट्सअॅपवर नेमणूक, ‘आज भरले तरच सीट’ यातलं एक जरी दिसलं तरी थांबा. थायलंडमध्ये डेटा एंट्री किंवा डिजिटल मार्केटिंगचा भरघोस पगार सांगून पोरांना सीमेपलीकडं म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलं जातं. परराष्ट्र मंत्रालयानं २०२२ पासून याबद्दल इशारे दिलेत. संगणक येणाऱ्या शिकलेल्या पोरांनाच हे लोक गाठतात.

कर्ज काढून जाणाऱ्यांनी एक हिशेब करावा. दीड लाख रुपये खासगी सावकाराकडून महिना ३ टक्क्यांनी घेतले तर नुसतं व्याज महिन्याला ४,५०० रुपये. पहिला पगार हातात पडायला दोन महिने लागतात, म्हणजे पहिला पगार येण्याआधीच ९,००० अंगावर.

पगार वाचायला शिका

समजा ऑफर १,८०० दिरहमची आहे. दिरहम २३ रुपये धरला तर ४१,४०० रुपये. घरी पेढे वाटले जातात. आता करार उघडा. मूळ वेतन १,०००, बाकी ८०० भत्ते. राहणं कंपनीचं, जेवण आपलं. मेस आणि वरखर्च ५००, फोन १००, बाकी २००. उरले १,००० दिरहम, म्हणजे २३,००० रुपये. तुम्ही इथं घरी राहून, आईच्या हातचं खाऊन २२,००० मिळवत असाल तर कशासाठी जाताय याचा विचार करा. ओव्हरटाइम भरपूर असेल तरच हे जमतं. तिथं आठवड्याला ४८ तास हे साधारण काम, त्यावर ओव्हरटाइमचा वाढीव दर मूळ वेतनावर लागतो. नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटीही मूळ वेतनावरच: पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांचं वेतन. १,००० मूळ वेतनावर ती वर्षाला ७०० दिरहम होते. मूळ वेतन १,५०० असतं तर १,०५० झाली असती. म्हणून घासाघीस एकूण आकड्यावर करू नका, मूळ वेतनावर करा.

कराराची प्रत निघण्याआधी हातात पाहिजे आणि ऑफर लेटरशी जुळली पाहिजे. पद, मूळ वेतन, कामाचे तास, राहणं, जेवण, जाण्या-येण्याचं तिकीट, सुट्टी, करार मोडला तर काय, हे सगळं वाचा. ‘तिथं गेल्यावर नवा करार होईल’ म्हणत असतील तर पगार कमी होणार असं समजा.

जर्मनीचा आकडा ऐकूनही हुरळू नका. एकट्या माणसाच्या पगारातून कर आणि विमे मिळून साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त जातो. उरलेल्यात घरभाडं. तरी शिल्लक आखातापेक्षा बरी पडते, आणि पुढं बायकापोरांना नेता येतं.

दोन राज्यांचे शिक्के

पुण्यातले सल्लागार सांगत नाहीत ती गोष्ट ही. परदेशासाठी सर्टिफिकेटावर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. राज्य म्हणजे तुम्ही राहता ते राज्य नव्हे, कागद जिथून निघाला ते राज्य. बेळगावात दहावी आणि कोल्हापुरात बीएस्सी असेल तर दहावीचं काम बेंगळुरूला आणि पदवीचं महाराष्ट्रात. एकाच ठिकाणी ‘सगळं करून देतो’ म्हणणाऱ्याला प्रत्येक कागदाचा भाव वेगवेगळा विचारा.

बेळगावच्या जुन्या पदवीधरांच्या सर्टिफिकेटावर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं नाव असतं, कारण राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये सुरू झालं. ट्रान्सक्रिप्ट आणि पडताळणी पदवी देणाऱ्या विद्यापीठाकडूनच होते, धारवाडला हेलपाटा मारावाच लागेल. व्हीटीयूवाले (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे इंजिनियर) सुखी, मुख्यालयच आपल्याकडं आहे.

मंत्रालयाचा शिक्का दोन प्रकारचा. हेग कराराच्या देशांना अपोस्टिल, म्हणजे त्या सगळ्या देशांत चालणारा मंत्रालयाचा शिक्का, पुरतं. ओमान, बहारीन आणि डिसेंबर २०२२ पासून सौदीसुद्धा त्या करारात आहेत. यूएई, कतार, कुवेतसाठी मंत्रालयाच्या शिक्क्यावर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही लागतो, आणि तोच महाग. अपोस्टिलची सरकारी फी कागदाला फक्त ५० रुपये. बाकी जे हजार-दोन हजार मागतात तो त्यांचा मेहनताना आहे, द्यायला हरकत नाही, फक्त सरकारी फी समजून देऊ नका. राज्याचा शिक्का आधी मारून ठेवा, दूतावासाचा मात्र ऑफर पक्की झाल्यावर.

आणि मार्क्स कार्डाला लॅमिनेशन केलं असेल तर शिक्का कशावर मारणार? आपल्याकडं प्रेमानं सगळं लॅमिनेट करून ठेवतात. ते इस्त्रीनं घरी काढायला जाऊ नका, शाई निघून येते. फार चिकटलेलं असेल तर बोर्डाकडून दुय्यम प्रत मागवा.

मेडिकल आणि पीसीसी

आखाताचं मेडिकल ‘वाफिद’ या आखाती देशांच्या ऑनलाइन व्यवस्थेतून ठरलेल्या केंद्रातच होतं. क्षयाचे जुने डाग, हिपॅटायटिस बी-सी, एचआयव्ही यातलं काही निघालं की अनफिट. लहानपणी टीबी होऊन बरा झालेला असेल तरी छातीच्या एक्स-रेत डाग दिसतो. म्हणून एजंटाला एक रुपया द्यायच्या आधी आपल्या डॉक्टरकडून एक्स-रे आणि रक्त तपासून घ्या. इंग्लंडला सहा महिन्यांहून जास्त जायचं असेल तर टीबीचं सर्टिफिकेट वेगळं, तेही मान्य केंद्राचं. पीसीसी म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवेतूनच मिळतं, ५०० रुपयांत.

घर मागं टाकताना

जमीन असेल तर पहाणीवर (कर्नाटकातल्या सातबाऱ्यावर) नाव नीट लागलंय का, वारसा झालाय का ते जाण्याआधी उरका. सातबारा आणि पहाणी दोन्हीकडं जमीन असलेली घरंही आहेत, त्यांनी दोन्ही तहसील कचेऱ्या फिराव्यात. मुखत्यारपत्र द्यायचंच तर विशिष्ट कामापुरतं द्या: कोर्टाची तारीख, बँकेचं हप्त्याचं काम, पीक कर्ज. विकायचा अधिकार असलेलं सरसकट मुखत्यारपत्र सख्ख्या भावालाही देऊ नका. भावावर अविश्वास म्हणून नाही, भावाला गळ घालणारे गावात बरेच असतात म्हणून.

बँकेत जाऊन आपण परदेशी नोकरीला चाललोय हे सांगा. रहिवासी दर्जा बदलला की साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही. ते एनआरओ (अनिवासी भारतीयाचं इथल्या पैशांचं खातं) करून घ्यायचं आणि तिकडच्या कमाईसाठी एनआरई हे वेगळं अनिवासी खातं उघडायचं. ज्या मोबाइल नंबरवर ओटीपी येतो तो बंद पडू देऊ नका, रोमिंग चालू ठेवा. हे विसरलेल्याची बँक, पीएफ, आधार सगळं एकदम अडतं.

बॅगेत काय नको

खसखस नको. यूएई आणि सौदीत ती अमली पदार्थात मोडते आणि त्यासाठी तुरुंगात गेलेली माणसं आहेत. नुसती पुडी नाही, मसाल्यात, अनारशावर, लाडवात, सगळीकडं. गोकाकचा करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) घेताना दुकानदाराला खसखस घातलीय का विचारा. बऱ्याच करदंटात असते. आखाताला बेळगावचा दुधाचा कुंदा चालतो. जर्मनीला मात्र नाही, कारण युरोपीय संघात बाहेरून प्रवाशाच्या सामानात दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. इंग्लंडचाही नियम तसाच. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली खोकल्याची-दुखण्याची औषधं आखातात नेऊ नका, रोजच्या गोळ्या डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह मूळ पाकिटात ठेवा.

बेळगावच्या सांबरा विमानतळाहून परदेशी विमान नाही. गोव्याचं मोपा विमानतळ जवळ पडतं, पण तिकीट घेताना मुंबई आणि बेंगळुरूचा दरही बघा. गोव्याला जायचं तर पावसाळ्यात चोर्ला घाट धरून चार तास हातात ठेवा.

उतरल्यावर

पासपोर्ट कंपनीला ‘सांभाळायला’ देऊ नका. आखाती देशांतही मालकानं कामगाराचा पासपोर्ट ठेवणं बेकायदा आहे. पासपोर्ट, व्हिसा, करार यांचे फोटो स्वतःच्या मेलवर, घरी एकाकडं आणि एका मित्राकडं असू द्या. पहिल्या महिन्याचा पगार बँकेतून आला का आणि आकडा कराराशी जुळला का ते बघा. दोन महिने पगार थकला तर तिसऱ्याची वाट बघत बसू नका. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाकता येते. यूएईमधून ८००४६३४२ हा फुकट नंबर आहे, भारतातून घरच्यांना १८०० ११ ३०९० वर विचारता येतं. हे दोन्ही नंबर मोबाइलमध्ये नको, मोबाइल काढून घेतला जातो. कागदावर लिहून पाकिटात ठेवा, आणि एक चिठ्ठी घरी आईच्या डब्यात.